थंडगार खडकातली ऊब

एक कोडं घालू? बाहेर उणे 10 अंश सेल्सिअस थंडी आहे. तुमच्याकडे आहे फक्त 5 अंशांचं पाणी, हात बुडवला तर बोटं बधिर होतील असं. शेकोटी पेटवायची नाही, हीटर लावायचा नाही. या पाण्याने घर 21 अंशांपर्यंत उबदार करून दाखवा!

‘काहीतरीच काय!’ असंच म्हणाल ना? पण स्वीडनमध्ये लाखो घरं अशीच ऊब मिळवतात. तिथे अंगणात बोअर मारतात, चांगली दीडशे-दोनशे मीटर खोल. पाणी उपसण्यासाठी नाही हं! बोअरमध्ये प्लॅस्टिकची नळी सोडतात, ती तळाशी वळून परत वर येते. तिच्यातून पाणी आणि अल्कोहोल यांचं मिश्रण फिरत राहतं. अल्कोहोल कशाला? नाहीतर पाणी गोठून नळीच तुंबायची.

जमिनीखाली दहा-पंधरा मीटरच्या पुढे उन्हाळा-हिवाळा पोचतच नाही. तिथलं तापमान बारा महिने जवळजवळ सारखंच. आपल्याकडे विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि मे महिन्यात गार लागतं, ते यामुळेच. स्वीडनच्या दक्षिणेला हा आकडा असतो साधारण 7-8 अंश. (वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांशी याची गल्लत नको. तिथलं पाणी पृथ्वीच्या पोटात खोलवर तापून येतं. इथे आहे ती वरच्या थरात मुरलेली, बरीचशी सूर्याचीच उष्णता.)

आता खरी गंमत. गार वस्तूतही उष्णता असते, आणि भरपूर असते! ती पार संपवायची तर उणे 273 अंशांपर्यंत उतरावं लागेल. पण गार खडकातली उष्णता आपणहून उबदार खोलीत जाणार नाही. तिला वर चढवावं लागतं, आणि ते काम करतो उष्णता पंप. हे यंत्र तुमच्या स्वयंपाकघरातही आहे बरं का! फ्रीजच्या पाठीला किंवा कडेला हात लावून बघा. लागते ना ऊब? त्यातली बरीचशी आतल्या दुधाची नि भाजीची, बाहेर काढलेली.

पंपात एक खास द्रव असतो. तो शून्याच्याही खाली उकळतो. त्यामुळे बोअरमधून आलेलं गार मिश्रण त्याला पेटत्या चुलीसारखं! त्या उष्णतेने तो उकळतो आणि त्याचा गॅस होतो. कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो. दाबला की तो चांगलाच तापतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक चाचपून पाहा, म्हणजे पटेल. तापलेला गॅस घरात फिरणाऱ्या पाण्याला उष्णता देतो आणि स्वतः पुन्हा द्रव होतो. मग एका अरुंद झडपेतून जाताना त्याच्यावरचा दाब एकदम उतरतो, तसा तो गारठतो, आणि चालला पुन्हा उकळायला!

वीज लागते ती कॉम्प्रेसर नि मिश्रण फिरवणारा पंप चालवायला. पण एक युनिट वीज खर्चून घरात तीन-चार युनिट उष्णता येते. वरची दोन-तीन युनिटं फुकटात, खडकाकडून.

उन्हाळ्यात तर कॉम्प्रेसर बंद ठेवला तरी चालतं. खालचं गार मिश्रण नुसतं फिरवायचं, की घरातली उष्णता खाली खडकात जाते. जिथे उकाडा जास्त, तिथे पंपच उलटा चालवतात.

अमेरिकेत इंडियाना राज्यात बॉल स्टेट नावाचं विद्यापीठ आहे. तिथे 2009 साली असं काम सुरू झालं. थोड्याथोडक्या नाहीत, तब्बल 3,600 च्या आसपास बोअर मारल्या! कोळशावर चालणारे जुने बॉयलर मग बंद झाले. बोअर आहेत कुठे? मैदानांखाली आणि गाड्या लावायच्या जागांखाली. वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

बोअर मारायचा खर्च मात्र दणदणीत. शिवाय दोन बोअर अगदी शेजारी-शेजारी असून चालत नाही, एकमेकींची उष्णता ओढून घेतात आणि खडक हळूहळू गारठत जातो. म्हणून स्वीडनमध्ये दोन बोअरांमध्ये निदान 20 मीटर अंतर ठेवायला सांगतात. नाहीतर शेजाऱ्यांची भांडणं कशावरून, तर ‘तुम्ही आमची उष्णता चोरली’ यावरून!