खासगी नर्सिंग पदवी: प्रवेशाची वाट आणि फीचा हिशेब

बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा पदवी अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात तो शिकवणारी बहुसंख्य महाविद्यालये खासगी, विनाअनुदानित असून त्यांतली बरीचशी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. या महाविद्यालयांविषयी सर्वाधिक पसरलेला समज असा, की खासगी म्हटले की डोनेशन आलेच. पैसे मोजले की जागा मिळते आणि पैसे नसतील तर फिरकण्यात अर्थ नाही. या समजापायी दोन प्रकारची कुटुंबे फसतात. एक, ज्यांना कमी खर्चात प्रवेश मिळू शकला असता पण ज्यांनी अर्जच केला नाही. दुसरे, ज्यांनी सरळ वाट असताना एजंटाच्या हाती पैसे दिले.

वस्तुस्थिती अशी, की राज्यातल्या खासगी विनाअनुदानित नर्सिंग महाविद्यालयांच्या बहुतेक जागाही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘कॅप राउंड’मधून, गुणवत्तेने भरल्या जातात. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही प्रक्रिया राबवतो. त्याच्याच नर्सिंग सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल या पाच घटकांवर प्रश्न येतात. उरलेल्या जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. विद्यार्थी कोणत्या वाटेने आत आला, यावर चार वर्षांचा खर्च फार मोठ्या प्रमाणात ठरतो. महाविद्यालयाचे नाव किंवा माहितीपुस्तकातला फीचा आकडा त्यानंतर येतो. ही एक गोष्ट ध्यानात घेतली तर बाकीचे बरेच गैरसमज आपोआप सुटतात.

पात्रतेबद्दलचा गोंधळ तुलनेने साधा आहे. बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून झालेल्यांनाही बी.एस्सी. नर्सिंग करता येते, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खरे नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. तीन विज्ञान विषयांत मिळून खुल्या गटाला किमान 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात आणि प्रवेशाच्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला असतो तो जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. जी.एन.एम. करून नोंदणी झालेली परिचारिका पुढे दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.तून पदवी घेऊ शकते. त्यामुळे विज्ञान शाखा नसलेल्या मुलीसाठी पदवीचे दार कायमचे बंद नसते, वाट फक्त लांबची असते.

नर्सिंग ही फक्त मुलींची शाखा आहे, हाही एक जुना समज. ए.एन.एम. हा सहाय्यक परिचारिकेचा अभ्यासक्रम केवळ स्त्रियांसाठी आहे, जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंग मुलांनाही खुले आहेत. काही महाविद्यालये केवळ मुलींची आहेत हे खरे, म्हणून मुलग्याने पसंतीक्रम भरण्याआधी तेवढे तपासावे.

‘नीट’ परीक्षा लागते का, याविषयी मात्र खरोखरच संभ्रम होतो, कारण उत्तर संस्थेगणिक बदलते. सैन्यदलाच्या परिचर्या सेवेसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात वगैरे होणारी निवड ‘नीट’च्या गुणांवर आधारलेली असते. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांना राज्याची नर्सिंग सीईटी लागते. अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे स्वतःची प्रक्रिया चालवतात, आणि त्यांच्यासाठी सीईटी कक्षाकडचा अर्ज उपयोगी पडत नाही. ज्याला या तिन्ही ठिकाणी दार उघडे ठेवायचे आहे, त्याला तीन वेगळे अर्ज भरावे लागतात.

आता महाविद्यालयाची पारख. इमारत मोठी, बसगाड्या नव्या, गणवेश कडक इस्त्रीचा. एवढ्यावर पालक विश्वास ठेवतात. प्रत्यक्षात तीन कागद पाहायचे असतात: राज्य परिचर्या परिषदेची मान्यता, विद्यापीठाची त्या वर्षाची संलग्नता, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीतले नाव. तिन्हींत प्रवेशक्षमतेचा आकडा असतो. चाळीस जागांची मान्यता असलेल्या ठिकाणी एखादी संस्था साठ मुले बसवत असेल, तर वरच्या वीस जणांची परीक्षा आणि नोंदणी अडचणीत येते. चौथी गोष्ट रुग्णालयाची. पदवी महाविद्यालयाला किमान 100 खाटांचे स्वतःचे रुग्णालय असावे, असा परिषदेचा निकष आहे. नर्सिंगचे निम्म्याहून अधिक शिक्षण वॉर्डात होते. प्रसूतिकक्ष, बालरोग विभाग, अतिदक्षता विभाग यांत पुरेसे रुग्ण नसतील तर प्रात्यक्षिकाची वही भरते, हात मात्र तयार होत नाही. महाविद्यालय पाहायला जाणाऱ्या पालकांनी वर्गखोल्यांपेक्षा त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसून यावे.

याच ठिकाणी सर्वांत महाग पडणारा गैरसमज येतो: नावात ‘नर्सिंग’ असले की ते नर्सिंगच. ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ अशा नावांचे सहा महिन्यांचे, वर्षाचे अभ्यासक्रम गल्लोगल्ली शिकवले जातात. रुग्णसेवकाचे काम मानाचे आहे आणि त्याला प्रशिक्षण लागतेच. पण त्या प्रमाणपत्रावर राज्य परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय कोणी परिचारिका म्हणून काम करू शकत नाही. पत्रद्वारे किंवा घरबसल्या मूळ बी.एस्सी. नर्सिंग होते, असे सांगणाऱ्यांचेही तेच. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा जो अभ्यासक्रम दाखला म्हणून पुढे केला जातो, तो आधीच नोंदणीकृत असलेल्या, नोकरीतल्या परिचारिकांसाठीचा पोस्ट बेसिक होता.

फीकडे वळताना पहिला समज असा, की खासगी संस्था मनाला येईल तो आकडा लावू शकते. टी.एम.ए. पै खटल्यात (2002) सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने विनाअनुदानित संस्थांना फी ठरवण्याचे स्वातंत्र्य मान्य केले, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी यांना मनाई केली. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीविरोधी कायदा तर 1987 पासून आहे. देणगीच्या बदल्यात प्रवेश देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पुढे 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. प्रत्येक विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालय आपला खर्च या प्राधिकरणापुढे मांडते आणि प्राधिकरण त्या महाविद्यालयाची वार्षिक फी ठरवते. हा आकडा महाविद्यालयागणिक वेगळा असतो आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. कार्यालयातल्या कारकुनाने तोंडी सांगितलेला आकडा त्याच्याशी जुळवून पाहणे हे पालकाचे पहिले काम. अभिमत विद्यापीठे या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत. तिथली फी बरीच जास्त असू शकते.

प्राधिकरणाने ठरवलेल्या फीत शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क येते. वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके, परत मिळणारी अनामत, विद्यापीठाचे परीक्षा शुल्क हे सगळे वेगळे. त्यामुळे ‘फी इतकी’ या वाक्यावर घराचा हिशेब बांधणे धोक्याचे असते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचा राहण्या-जेवण्याचा खर्च काही ठिकाणी शिकवणी शुल्काच्या बरोबरीला जातो. प्रवेशाच्या वेळी सर्व रकमांची लेखी यादी मागावी, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती संस्थेच्या नावाची घ्यावी. पावतीशिवाय मागितलेली रक्कम ही फी नव्हेच.

चारही वर्षांची फी आधी भरली की जागा पक्की, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. इस्लामिक अकॅडमी खटल्यात (2003) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की संस्था एका वेळी एका वर्षाचीच किंवा एका सत्राचीच फी घेऊ शकते. विद्यार्थी मध्येच सोडून जाईल अशी भीती असेल, तर फार तर उरलेल्या फीपुरता बाँड किंवा बँक हमी मागता येते. शिक्षणानंतर त्याच रुग्णालयात ठरावीक काळ नोकरी करण्याचे करारपत्र पुढे केले गेले, तर ते घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करू नये.

सवलतींच्या बाबतीत अज्ञान सर्वांत जास्त आहे, आणि नुकसानही. सरकारी महाविद्यालयातच शिष्यवृत्ती मिळते, असे अनेक घरांत मानले जाते. प्रत्यक्षात विनाअनुदानित महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनाही राज्याच्या योजना लागू आहेत. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्यावरच्या उत्पन्नाला शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठीचा डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या योजनाही आहेत. या सर्वांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात.

दोन अटी मात्र फारशा कोणी सांगत नाही. पहिली, मुलींच्या शंभर टक्के माफीसाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातला आणि संस्थास्तरावरचा प्रवेश त्यात बसत नाही, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही नाहीत. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीला शिकवणी शुल्क शून्य आणि दुसरीला पूर्ण, असे घडते ते यामुळे. ‘राउंडची वाट कशाला बघता, आजच पक्के करा’ असे म्हणणाऱ्या एजंटाचे ऐकले, तर चार वर्षांची माफी त्याच दिवशी हातची जाऊ शकते. दुसरी अट, माफी शिकवणी आणि परीक्षा शुल्काची असते. विकास शुल्क, वसतिगृह, मेस यांचे पैसे द्यावेच लागतात. ‘मुलींना सगळे फुकट’ हे ऐकून रिकाम्या हाताने आलेल्या पालकांची प्रवेशाच्या दिवशी फार ओढाताण होते.

सवलत हुकण्याचे सर्वांत सामान्य कारण कागदपत्रे हे आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र. यांपैकी शेवटच्याला महिने लागू शकतात. त्यासाठी बारावीच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नसते. अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करता येतो. नॉन-क्रिमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे मागच्या भावंडाच्या वेळचा कागद चालत नाही.

परराज्यातल्या प्रवेशाचा वेगळा विचार करावा लागतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातली अनेक मुले बेळगाव किंवा बंगळूरच्या महाविद्यालयांत जातात. तिथले शिक्षण कमी दर्जाचे असते असे नाही. मात्र महाराष्ट्राच्या फीमाफीच्या योजना राज्याबाहेर लागू होत नाहीत. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा त्याला अपवाद. शिक्षण संपल्यावर आधी त्या राज्याच्या परिषदेत नोंदणी करून मग ती महाराष्ट्रात वर्ग करून घ्यावी लागते.

राहिला कर्जाचा प्रश्न. ‘शेत किंवा घर गहाण ठेवल्याशिवाय बँक दारात उभे करत नाही’ हा समज आता जुना झाला. बँक संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परिचर्या परिषदेने मान्य केलेल्या नर्सिंग पदवी व पदविकेचा स्पष्ट उल्लेख आहे. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. केंद्राच्या पतहमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. वसतिगृह, पुस्तके, गणवेश हे खर्चही त्यात धरता येतात. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला मात्र बँका वेगळ्या, कडक अटी लावतात. कॅपची वाट इथेही उपयोगी पडते.

शिकत असताना कर्जावर व्याज लागत नाही, हा समज मात्र पुढे जड जातो. हप्ते अभ्यासक्रमाच्या काळात आणि त्यापुढचे एक वर्ष थांबतात. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख उचलले आणि दर साधा दहा टक्के धरला, तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस हजार, असे हप्ता सुरू होण्याआधीच एक लाख चाळीस हजार व्याज जमते. महिन्याला जमेल तेवढे व्याज भरत राहणाऱ्यांना बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देऊ शकतात. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी या काळातले व्याज भरण्याची केंद्राची योजना आहे; मात्र ती मान्यता आणि मूल्यांकन असलेल्या ठरावीक संस्थांनाच लागू होते, म्हणून आपले महाविद्यालय त्यात बसते का हे कर्जापूर्वीच बँकेत विचारावे.

हे कर्ज परदेशी नोकरीने चुटकीसरशी फिटेल, अशा भरवशावर बरीच कुटुंबे मोठी रक्कम उचलतात. भारतीय पदवीवर परदेशात थेट रुजू होता येत नाही. आधी राज्य परिषदेची नोंदणी, मग त्या-त्या देशाची परीक्षा: अमेरिकेसाठी एनक्लेक्स, ब्रिटनसाठी इंग्रजीची चाचणी आणि तिथल्या परिषदेच्या लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन परीक्षा, जर्मनीसाठी साधारण बी-टू पातळीचे जर्मन आणि पदवीची समकक्षता. या तयारीला पदवीनंतर आणखी वर्ष-दोन वर्षे आणि वेगळा पैसा लागू शकतो. कर्जाची रक्कम म्हणून इथल्या रुग्णालयातल्या सुरुवातीच्या पगारातून फेडता येईल इतकीच धरावी.