लेबल मुद्रक

लेबल मुद्रक : पाठीवर आसंजकाचा (चिकटविणाऱ्या पदार्थाचा) थर असलेल्या लेबलांवर अक्षरे, अंक, बारकोड इ. छापणारे यंत्र. वेष्टनावरील वजन व किंमत, टपालाच्या पुडक्यावरील पत्ता, औषधाच्या बाटलीवरील मात्रा, रक्ताच्या नमुन्यावरील रुग्णाचे नाव अशा विविध कामांसाठी हा मुद्रक वापरतात. छपाईच्या तत्त्वाच्या दृष्टीने तो इतर मुद्रकांहून फारसा वेगळा नाही. त्याच्या अभिकल्पातील (आराखड्यातील) मुख्य अडचण अशी की, जे लेबल बाहेर पडल्यावर काच, पुठ्ठा, प्लॅस्टिक, धातू यांना हलक्या दाबाने चिकटले पाहिजे, तेच यंत्रातील रूळ, मार्गदर्शक पट्ट्या व पाती यांना चिकटता कामा नये. अजिबात न चिकटणारे पृष्ठ उपलब्ध नसल्याने केवळ योग्य पदार्थ निवडून ही अडचण सुटत नाही. संपर्काचे क्षेत्र, संपर्काचा काळ, दाब आणि सुटण्याचा कोन या चारही गोष्टींवर नियंत्रण ठेवावे लागते.

इतिहास : पूर्वीची लेबले डिंक लावलेली असून ती ओली करून चिकटवावी लागत. पाणी न लावता चिकटणारी लेबले अमेरिकेत आर. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये लॉस अँजेल्स येथे व्यापारी प्रमाणावर तयार केली. २६ जून १९७४ रोजी ओहायओ राज्यातील ट्रॉय येथील एका दुकानात बारकोड वाचून प्रथमच विक्री झाली. बारकोडाचा प्रसार झाल्यावर प्रत्येक वस्तूसाठी निराळा मजकूर जागच्या जागी छापणाऱ्या लहान मुद्रकांची गरज वाढली.

आसंजकाचे स्वरूप : या लेबलांसाठी दाबसंवेदी आसंजक वापरतात [→ आसंजके]. रबर व रेझीन यांची मिश्रणे आणि ॲक्रिलिक बहुवारिके हे त्याचे प्रमुख प्रकार होत. हे आसंजक वाळून कठीण होत नाहीत. द्रवाप्रमाणे ते पृष्ठाच्या बारीक खळग्यांत शिरतात आणि घनाप्रमाणे ओढ सहन करतात. आसंजकाचा कर्तन गुणांक सु. ३ लाख पास्कालांपेक्षा कमी असेल, तरच तो हलक्या दाबाने चिकटतो, हा निकष कार्ल डालक्विस्ट यांच्या नावाने ओळखला जातो. याच गुणधर्मातून मुद्रकातील अडचणी उद्भवतात. आसंजक संथपणे वाहत असल्याने संपर्क जितका अधिक काळ टिकेल, तितके चिकटणे घट्ट होते. तापमान वाढले की तो मऊ होऊन लेबलाच्या कडांतून बाहेर झिरपतो.

अस्तरयुक्त लेबले : नेहमीच्या लेबल-गुंडाळीत वरचा कागद अथवा पातळ पटल, आसंजक, सिलिकोनाचा अतिशय पातळ लेप आणि अस्तराचा कागद असे थर असतात. सिलिकोनाचा पृष्ठताण सु. २१ मिलिन्यूटन प्रतिमीटर इतका कमी असल्याने त्याला आसंजक फारसा धरत नाही. तथापि केवळ कमी पृष्ठताण हे त्याचे कारण नाही. काही फ्ल्युओरीनयुक्त पृष्ठांचा पृष्ठताण सिलिकोनाहूनही कमी असतो. तरी आसंजक सिलिकोनावरून अधिक सहज सुटतो, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. सिलिकोनाच्या लवचिक रेणुसाखळ्यांमुळे आसंजक सुटताना त्या पृष्ठावर किंचित घसरतो व सोलण्याला होणारा विरोध घटतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

मुद्रकात ही पट्टी मुद्रणशीर्ष व रबरी रूळ यांमधून जाते. छपाईनंतर अस्तर एका धारदार कडेवरून एकदम मागे वळविले जाते. कागदाचे लेबल तितक्या तीव्र वळणावर वाकू शकत नाही. ते सरळ पुढे जाते व अस्तरापासून आपोआप सुटते. त्यामुळे लेबलाचा ताठपणा, कडेची त्रिज्या व अस्तरावरील ताण यांचा मेळ बसावा लागतो. कडा बोथट असली किंवा लेबल फार लवचिक असले, तर ते अस्तराबरोबरच मागे वळते आणि रुळाभोवती गुंडाळले जाते. लेबले कापणारे पाते खोल जाऊन सिलिकोनाचा लेप कापला गेल्यास आसंजक उघड्या कागदाला धरतो. हा दोष मुद्रकाचा नसून गुंडाळीचा असतो, पण त्याचा त्रास मुद्रकात दिसतो.

अस्तरविरहित लेबले : लेबल काढल्यावर उरणारे सिलिकोनयुक्त अस्तर वाया जाते व त्याचा पुनर्वापर अवघड असतो. म्हणून अस्तराशिवायची लेबले प्रचारात आली. त्यांत सिलिकोनाचा लेप लेबलाच्या छपाईच्या बाजूवर असतो व त्यामुळे गुंडाळीतील वेढे एकमेकांना चिकटत नाहीत. परंतु यात आसंजकाची बाजू पट्टी पुढे ढकलणाऱ्या रुळावरच उघडी टेकते. रुळाने कागद पकडला तर पाहिजे, पण धरून ठेवता कामा नये, अशा परस्परविरोधी अपेक्षा येथे असतात.

यासाठी रूळ सिलिकोन रबराचा किंवा न चिकटणारा लेप दिलेला असतो व त्यावर खाचा पाडून संपर्काचे क्षेत्र कमी करतात. मार्गदर्शक पृष्ठे सपाट न ठेवता त्यांवर बारीक कंगोरे काढतात. सुटण्याचा कोनही महत्त्वाचा असतो. न ताणल्या जाणाऱ्या पट्टीच्या बाबतीत सोलण्यास लागणारे बल (१ – कोनाची कोज्या) या राशीच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ३०° कोनात सोलण्यास ९०° कोनापेक्षा सु. साडेसात पट बल लागते. म्हणून रुळालगतच विलगक पट्टी बसवून लेबल शक्य तितक्या मोठ्या कोनात उचलले जाईल, अशी व्यवस्था करतात. कापणाऱ्या पात्यांवर आसंजक साचू नये म्हणून त्यांनाही न चिकटणारा लेप देतात. मुद्रक बराच वेळ थांबला, तर दाबाखाली असलेले लेबल रुळाला घट्ट चिकटते. म्हणून काही मुद्रकांत पट्टी मधूनमधून किंचित मागेपुढे सरकविली जाते. साध्या मुद्रकात अस्तरविरहित गुंडाळी घालणे अयोग्य होय.

लेसर मुद्रक : लेबलांचे सुटे ताव लेसर मुद्रकातही छापतात. त्यातील शाई पक्की करणाऱ्या रुळांचे तापमान सु. १८० ते २०० °से. असते, त्यामुळे उष्णतेला टिकणारा आसंजक असलेले तावच वापरावे लागतात. काही लेबले काढून घेतलेला ताव पुन्हा घालू नये; उरलेल्या लेबलांच्या कडा सुटून ती तापलेल्या रुळावर किंवा प्रकाशसंवाहक पिंपावर चिकटण्याचा संभव असतो.

अडकण्याचे परिणाम : अडकलेले लेबल मुद्रकाच्या हिशेबी छापून झालेले असते, पण ते वापरणाऱ्याच्या हाती आलेले नसते. वापरणारा तेच लेबल पुन्हा छापतो आणि आत अडकलेले पहिले लेबल पुढच्या लेबलाला चिकटून नंतर बाहेर येते. दुकानात यामुळे किमतीचा घोटाळा होतो. रुग्णालयात एका रुग्णाचे नाव दुसऱ्याच्या नमुन्यावर जाऊ शकते. म्हणून अभिकल्पात अडकणे टाळण्याइतकेच ते ओळखण्यालाही महत्त्व आहे. दोन लेबलांमधील फट किंवा काळी खूण प्रकाशीय संवेदक ओळखतो. रूळ ठराविक अंतर फिरूनही ती न आढळल्यास मुद्रक थांबविला जातो. आधीचे लेबल उचलले गेल्याशिवाय पुढचे न छापण्यासाठी तोंडाशी दुसरा संवेदक बसवितात. लेबलावर अनुक्रमांक असल्यास पुन्हा छापलेले लेबल ओळखता येते. अडकलेले लेबल काढून नष्ट केल्याखेरीज छपाई पुन्हा सुरू करू नये.

निगा : रूळ व कडा आयसोप्रोपिल अल्कोहॉलात भिजविलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसतात. चिकटलेले लेबल सुरीने खरवडू नये. ओरखड्याने न चिकटणारा लेप जातो व त्याच जागी लेबले वारंवार अडकू लागतात. गुंडाळ्या थंड, कोरड्या जागी ठेवतात. उष्णतेने आसंजक झिरपतो आणि दमट हवेत कागद वळतो. पाती, संवेदक व रूळ हे भाग हत्यारांशिवाय उघडून साफ करता येणे, ही चांगल्या लेबल मुद्रकाची आवश्यक गरज मानली जाते.