सगळ्यांना एकच टी.व्ही. का?

घरचे माणूस वृद्धाश्रमात गेले की आपण दोनच गोष्टी विचारतो : जेवण बरे आहे काय, आणि डॉक्टर येतो काय. तो दिवसभर करतो काय, हे कोणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी हॉलमध्ये टी.व्ही. लावतात, समोर खुर्च्या मांडतात आणि त्यालाच करमणूक म्हणतात.

आता आपल्या नागपूरचा गिरणी कामगार घ्या. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, २००२ साली बंद पडली. तिच्या विणाई खात्यात ज्याने वीस-पंचवीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढली, त्याला उतारवयात कमी ऐकू आले तर नवल नाही. अशा माणसाला टी.व्ही.समोर बसवणे म्हणजे भिंतीसमोर बसवणे. भजनाच्या मंडळातही तो नुसता तोंडे पाहत राहील. पण त्याचे हात शाबूत आहेत, नजर बारीक आहे. कॅरम, बुद्धिबळ किंवा बिघडलेला पंखा उघडून बसणे, यात तो रमेल.

कामठीकडे आयुष्यभर बिडी वळलेल्या आजीची गोष्ट वेगळी. तिला तांदूळ निवडायला बसवून "मन रमते हो त्यांचे" असे सांगणारे चालकही असतात. वाचकहो, ती करमणूक नव्हे, ते फुकटचे काम. तिला आधी विचारावे. कदाचित तिला आपली सही शिकायची असेल. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली. साठी-सत्तरीच्या बाया पाटी घेऊन बसल्या, अंगठ्याच्या जागी सही करू लागल्या.

ही काही चैन नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये राज्य सरकारने जिल्ह्याला निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांचा आश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा, अशी तरतूद आहे. अशा आश्रमांत कोणत्या सोयी असाव्यात हे सांगताना त्याच कलमात औषधोपचाराच्या जोडीला करमणुकीच्या साधनांचाही उल्लेख आहे.

खर्चही फार नाही. प्रत्येकाच्या नावाचा एक कागद करावा. पूर्वी काम काय केले, काय आवडत होते, डोळे-कान-गुडघे कसे आहेत, दिवसाची कोणती वेळ बरी जाते, कोणाशी पटते, एवढे त्यावर लिहावे. सुरुवात पंधरा-वीस मिनिटांची असावी, महिन्याने कागद पुन्हा पाहावा. आपल्याकडच्या मे महिन्यात अंगणातले सारे सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. आणि "आज नको" म्हणाले तर ते ऐकावे. एकटे बसणे हीसुद्धा एखाद्याची आवड असते.

ज्याला बोलायला आवडते, त्याला ऐकणारा द्यावा. १९५६ साली दीक्षाभूमीवर बापाच्या खांद्यावर बसून गेलेली मुले आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. वस्तीतल्या एखाद्या शाळकरी पोराने वही घेऊन रविवारी तासभर त्यांच्याजवळ बसावे. म्हाताऱ्यांचा वेळ जाईल आणि पोराला पुस्तकात नसलेले ऐकायला मिळेल.

या कागदातल्या बऱ्याच गोष्टी चालकांना ठाऊक नसतात, घरच्यांना असतात. मग पुढच्या भेटीला केळी-बिस्किटांसोबत त्या लिहून न्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर तोही करून द्या; नाहीतर पत्त्यांचा जोड नुसता उशाशी पडून राहतो.