तीन वर्षांचे रविवार

राजाकडे धान्याचे दाणे मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जायचे. पटाला घरे ६४. समजा, आणखी तीन असती तर? एकूण दाणे झाले असते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. सदुसष्ट दोनांचा गुणाकार करून एक वजा केला की हीच संख्या येते.

या एकवीस अंकी संख्येने भल्याभल्यांना झुलवले. १६४४ मध्ये मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने सांगून टाकले की ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. १८७६ मध्ये लुका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले की मर्सेन चुकला. पण गंमत पाहा, भाग नेमका कशाने जातो, हे त्याच्या पद्धतीतून कळतच नव्हते!

बँकेत आयुष्य घालवलेल्याला हे दुखणे नवे नाही. संध्याकाळी लेजर जुळत नाही. चूक आहे हे नक्की. कुठल्या पानावर, ते देव जाणे. (फरकाला नवाने भाग गेला, तर कुठेतरी ५४ चे ४५ झाले असतील, हा आमचा जुना आडाखा.)

ते पान सापडले ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. ई. टी. बेल या गणितज्ञाने सांगितलेली हकिकत अशी : कोल यांनी एका बाजूला आपली ही संख्या काढली. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ असा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली. कोल एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला.

हे अवयव शोधायला किती काळ लागला, असे बेलने पुढे विचारले तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. त्या रविवारी घरात काय बोलणी होत असतील, हा माझ्यातल्या कादंबरीकाराला पडलेला प्रश्न.

या संख्येचा कोणताही विभाजक १३४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असावा लागतो, एवढा धागा हाती होता. पण कोल यांना सापडलेला लहान विभाजकसुद्धा १३४ च्या १४,४५,५८० पटीत एक मिळवून येतो! एकेक तपासणे अशक्यच. त्यांनी बाकीच्या गुणधर्मांवरून आडवाटा काढल्या. आज संगणक हे काम क्षणात करतो. मात्र शेकडो अंकी संख्यांपुढे तोही अडतो, आणि त्या अडण्यावरच १९७७ मध्ये गुप्तलेखनाची आरएसए पद्धत उभी राहिली.

घरच्या घरी ताळा करून पाहा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, गुणाकाराची १०९. तिन्हींची पुन्हा बेरीज १०, म्हणजे १. एक एके एक, ताळा जमला. अर्थात जागा बदललेले अंक या ताळ्याला दिसत नाहीत. पुरती खात्री हवी असेल, तर गुणाकार मांडावा लागेल. कागद मोठा घ्या, आणि आडवा धरा.