मोडनिंबचा माळ व वनगणना

मोडनिंब (ता. माढा, जि. सोलापूर) हें पर्जन्यछायेंतील माळरानाचें गांव. भारतीय वनसर्वेक्षण संस्था १९८७ पासून सुमारें दर दोन वर्षांनीं उपग्रहचित्रांवरून वनांची मोजदाद प्रसिद्ध करते. एक हेक्टर वा अधिक जागेवर शेंकडा दहा तरी वृक्षांचें छत्र असेल, तरच तें वनाच्छादन. मग तेथें रान असो वा आमराई. या मापानें गवताळ माळ गणनेंतून सुटतो. वस्तुतः १९७९ सालीं माळढोकासाठीं घोषित झालेल्या अभयारण्यांत माढा तालुक्याचाही भाग होता. मराठेशाहींत सरकारी घोड्यांच्या चाऱ्याकरितां कुरणें राखीत. दप्तरांत त्यांचे उल्लेख येतात. ज्यांच्या संग्रहीं या गांवचे कागद असतील, त्यांनीं कुरण, गायरान, बाग या नोंदी सनवार टिपून ठेवाव्या. माळाची पूर्वस्थिति कळल्यावांचून त्याचा ऱ्हास मोजणार कशानें?