मल्टिटूल घेताय? आधी पक्कड बघा

किती अवजारं आहेत हे मोजत बसू नका. मल्टिटूलचा जीव पक्कडीत असतो. लेदरमन मल्टिटूलचा जनक टिम लेदरमन १९७५ मध्ये जुन्या फियाटमधून युरोप हिंडत होता. खिशातल्या चाकूला पक्कड नाही, हीच त्याची अडचण. त्यातून घडलेलं पहिलं टूल १९८३ मध्ये बाजारात आलं.

आज खरी जुगलबंदी लेदरमन वेव्ह प्लस आणि व्हिक्टोरिनॉक्स स्विसटूल स्पिरिट यांची. वेव्हची चाकू, करवत आणि कानस ही मोठी पाती टूल न उलगडता, एका हाताने उघडतात. दुसऱ्या हातात वायर धरलेली असली की याची किंमत कळते. शिवाय तार कापायच्या धारा बोथट झाल्या की बदलता येतात. पण स्क्रू-ड्रायव्हरचे बिट चपटे, खास लेदरमनचेच. नेहमीचे षटकोनी बिट थेट बसत नाहीत. मला हे फार खटकतं.

स्पिरिट हलकं आणि कडांना गोलसर, तळहाताला टोचत नाही. त्याची सगळी अवजारं बाहेरूनच उघडतात. फिनिशिंग तर लाजवाब! रोजच्या खिशासाठी मी स्पिरिट घेईन, इलेक्ट्रिशियन मित्राला वेव्ह सुचवेन.

स्वस्तातलं घेणार असाल तर पक्कड मिटून उजेडासमोर धरा. जबड्यांची टोकं नीट जुळत नसतील तर सोडून द्या. लॉक लावून पातं हलवूनही बघा.

आणि हो, विमानप्रवासात ते चेक-इन बॅगेतच टाका. केबिन बॅगेत सापडलं तर सुरक्षा तपासणीतच राहील.