जबलपूरच्या तोफा आणि लोकांची संमती

जबलपूरची एक ओळख नर्मदेच्या संगमरवरी कड्यांची, तर दुसरी तोफांची. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा सरकारी कारखाना निघाला. त्या सुमारास सरसेनापती लॉर्ड किचनेर हिंदी फौजेची नव्याने घडण करीत होते. आणि कलकत्त्याच्या विधिमंडळात गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकावरील भाषणांतून सरकारला बजावीत होते की, रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतला जातो, आणि त्यातील फार मोठा वाटा साम्राज्याच्या कामी ठेवलेल्या सैन्यावर खर्ची पडतो. फौज कोणाच्या संमतीने वाढावी आणि तिचा भार कोणी वाहावा, असा तो प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा उभा राहिला, आणि त्यातील दोन महत्त्वाचे प्रसंग जबलपूरच्याच परिसरात घडले.

पहिला प्रसंग मार्च १९३९ मधला. जबलपूरजवळ, कलचुरींच्या जुन्या राजधानीच्या भूमीवर, त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस आजारी होते. त्यांचे भाषण बंधू शरच्चंद्र यांनी वाचून दाखविले. सरकारला मुदत घालून स्वराज्याची मागणी करावी, या त्यांच्या सूचनेवरून तीव्र मतभेद झाले. परंतु साम्राज्याच्या युद्धात हिंदुस्थानची माणसे आणि पैसा देशाला न विचारता ओढला जाऊ नये, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते.

सरकारची वाटचाल नेमकी उलट होती. लष्करभरतीपासून लोकांना परावृत्त करणे हा गुन्हा ठरविणारा कायदा १९३८ मध्येच झाला होता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणत्याही विधिमंडळाचे मत न घेता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. जबलपूर ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, तेथील रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळही त्यांत होते. पुढे १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्याच प्रांतात, वर्ध्याजवळच्या पवनार येथे, विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. या युद्धाला माणसे अथवा पैसा देऊन साह्य करणे चूक आहे, एवढेच सांगायचे आणि तुरुंगात जायचे, असे त्याचे स्वरूप होते. चारच दिवसांत विनोबांना अटक झाली.

या टीकेला त्या काळीही उत्तरे दिली गेली, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. नात्सी सत्तेचा पराभव व्हावा, असे टीकाकारांनाही वाटतच होते. सावरकर तरुणांना सांगत की, शस्त्रविद्या हाती येण्याची ही संधी दवडू नका. डॉ. आंबेडकरांच्या दृष्टीने तर प्रश्न समान हक्काचा होता. ज्या महार समाजाला सरकारने सैन्याचे दार बंद केले होते, त्याची स्वतंत्र पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. भरतीच्या रांगेत उभा राहणारा प्रत्येक जण परकीयांचा चाकर होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही भार कोणी वाहिला, हा प्रश्न उरतोच. १९३९ मध्ये सुमारे २ लाख असलेली फौज युद्धाच्या अखेरीस २५ लाखांच्या घरात गेली. खर्चवाटपाचा करार कागदावर हिंदुस्थानला अनुकूल भासे. कारण परदेशी लढणाऱ्या फौजेचा बहुतेक खर्च ब्रिटनने देण्याचे ठरले होते. परंतु ब्रिटनची देणी लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होत, आणि येथे कापड, धान्य, लाकूड, पोलाद विकत घेण्यासाठी त्यांच्या आधारावर नव्या नोटा काढल्या जात. चलन सहापटींच्या आसपास वाढले. बाजारातला माल मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी १९४३ मध्ये सरकारच्या युद्धकालीन अर्थनीतीची कठोर चिकित्सा केली. महागाई हा कायदेमंडळात न मांडलेला करच असतो, आणि तो सर्वांत जड जातो तो रोजचे धान्य रोज विकत घेणाऱ्याला. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक होती, परंतु युद्धखर्चाने भडकलेले भाव त्यांतले एक प्रमुख कारण होते.

दुसरा प्रसंग युद्ध संपल्यावरचा. युद्धकाळात जबलपूरला छावणीचे काम वाढले आणि खमरियाला दारूगोळ्याचा नवा कारखाना उभा राहिला. येथील सिग्नल शिक्षण केंद्रातील जवानांनी २६ फेब्रुवारी १९४६ रोजी काम थांबविले आणि घोषणा देत ते शहरात आले. मुंबईत नाविकांचा उठाव होऊन आठवडाच लोटला होता. पगार, अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक या त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांच्या जोडीला आझाद हिंद सेनेच्या सैनिकांवरील खटल्यांचा संताप होता. सुमारे १,७०० जवान त्यात सामील झाले. काही दिवसांत बंड शमले. कोणाला तुरुंगवास मिळाला, कोणाला बडतर्फी. सात वर्षांपूर्वी त्रिपुरीच्या मंडपातून नेत्यांनी विचारलेला प्रश्न आता खाकी गणवेषातील शिपाई विचारू लागला होता. संमतीवाचून वाढविलेल्या सैन्याच्या निष्ठेवर आपल्याला विसंबता येणार नाही, हे राज्यकर्त्यांना अशा घटनांतूनच उमगले.

जबलपूरच्या त्याच कारखान्यात तयार झालेल्या ‘धनुष’ तोफा २०१९ मध्ये भारतीय सैन्याकडे सुपूर्द झाल्या. आता संरक्षणाच्या खर्चाला लोकसभेची मंजुरी लागते, आणि तो योग्य आहे काय, असे विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणण्याचे कारण नाही. गोखल्यांनी परकीय सरकारला जो हिशेब मागितला, तो स्वकीय सरकारला मागण्याचा अधिकार आपण मोठ्या किमतीने मिळविला आहे. युद्धाच्या दिवसांत तो अधिकार बजावणे सर्वांत कठीण जाते, आणि सर्वांत अधिक गरज त्याच दिवसांत असते.